शेवटची ओळ

सिमरोल सोडलं, घाट उतरला,
की तुरीच्या शेतापलीकडे आमचा डबा दिसतो.
डबाच म्हणायचं त्याला. लिलावात घेतलेली
फिरत्या नेत्रतपासणीची जुनी गाडी,
चाकांखाली विटा, छपरावर टाकी,
अंगावर निळ्या अक्षरांत ‘दृष्टि ही’
एवढंच उरलेलं. पुढचं गंजानं खाल्लं.

शनिवारी सुदामानगरातून निघतो आम्ही,
मी, हेरंब, मागच्या सीटवर घारी
आणि तिचा लेक लोटा.
तेजाजीनगर ओलांडलं की लोटा न चुकता ओकतो.
त्यासाठी एक टॉवेल वेगळा ठेवलाय.
तो धुऊन तारेवर टाकला
की सुट्टी लागली म्हणायची.

मग फारसं काही नसतं.
बेसिनमधला सरडा कागदावर घेऊन बाहेर सोडायचा.
हेरंबनं गॅस जोडायचा, शिव्या द्यायच्या,
आणि खाटेवर जे पडायचं
ते ओले हरभरे भाजल्याचा वास येईपर्यंत.
रेमसिंगच्या बकऱ्या कुंपणातून डोकावतात,
त्यांच्यामागे त्याचे तीन कुत्रे.
त्यांना नावं नाहीत.
हाक कुठलीही मारा, तिघेही येतात.

शेजार म्हणजे वीस पावलांवर मुर्तुजाभाई.
त्यांचा डबा खरा, पांढरा, पडदेवाला,
सियागंजातलं बिजागऱ्यांचं दुकान मुलांवर सोपवून घेतलेला.
रशीदाबेन दोन किलो कांदे जास्तच आणतात,
कारण मी विसरणार.
आता मी विसरले नाही तर त्यांना वाईट वाटेल,
म्हणून विसरते.

संध्याकाळी खुर्च्या मधल्या मोकळ्या जागेत.
चहा, जिरावण टाकलेले हरभरे, बोटं काळी.
आमचं दार सताड उघडं,
आत समोरच्या भिंतीवर दिवा,
आणि दिव्याखाली डॉक्टरांचा तो तक्ता,
वर एक मोठा ‘क’, खाली खाली बारीक होत गेलेला.
चार वर्षं झाली, दर शनिवारी
मुर्तुजाभाई खुर्चीतूनच शेवटची ओळ वाचतात.
“र, न, ल, प, ग, म.”
आणि आमच्याकडे बघतात, मान जरा मागे टाकून.
“सत्तर पार कर गए, भिया. चश्मा नहीं लगा।”
आम्ही टाळ्या वाजवतो. लोटा भुंकतो.

या खेपेला भिंतीला वाळवी लागलेली.
दुपारीच मी तक्ता काढून
गुंडाळून खाटेखाली ठेवला होता.
सांगायचं राहिलं.

अंधार पडला, दिवा लागला.
त्यांनी खुर्ची जराशी वळवली,
डोळे बारीक केले,
आणि मोकळ्या भिंतीकडे बघत
सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले,
“र, न, ल, प, ग, म.”

हेरंबच्या हातातला हरभरा हातातच राहिला.
मी रशीदाबेनकडे पाहिलं.
त्यांनी माझ्याकडे नाही पाहिलं.
मुर्तुजाभाईंच्या कपाचा कान फक्त
त्यांच्या बोटांकडे फिरवून ठेवला,
इतका सवयीनं, की किती वर्षांची सवय ते कळलं.

मी टाळ्या वाजवल्या.
मग हेरंबनंही, जरा जोरातच.

निघताना घारी उठली.
दर शनिवारी उठते ती, आम्ही समजायचो हाडकासाठी.
त्यांच्या पुढे दोन पावलं, शेपटी त्यांच्या गुडघ्याला लागेल अशी,
पाण्याच्या पाइपाशी थांबली,
ते ओलांडेपर्यंत उभी राहिली,
पायरीशी पुन्हा थांबली.
वीस पावलं. मग परत येऊन
माझ्या चपलांवर हनुवटी टेकून झोपली.
तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

रविवारी सकाळी मी भिंतीला रॉकेल फासलं,
वास जाईपर्यंत थांबले,
आणि तक्ता त्याच खिळ्याला लावला.
हेरंब दारात उभा राहून सांगत होता,
डावीकडे, थोडा वर, हां, सरळ.

दुपारी निघालो. अर्धे कांदे सोबत.
परतीच्या वाटेवर लोटा ओकत नाही.
का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.