एक मीटर रुंदीची वाट

माझं काम न घडणाऱ्या गोष्टीसाठी बसून राहण्याचं.
फेलिस्मिना कासिंदाच्या मागे पन्नास पावलांवर,
आंब्याखाली, शेजारी स्ट्रेचर,
पिशवीत पट्ट्या, सलाइन, रक्तगटाचं कार्ड.
तिचा ओ पॉझिटिव्ह. झोपेतही सांगेन.

समोर मिशनची विहीर.
तिच्याकडे पायवाट होती म्हणतात.
आता मांडीभर गवत आणि लाल पाट्यांवर कवट्या.
चोवीस वर्षं गावच्या बाया नदीवरून पाणी आणतात,
दीड तास जायला, यायला त्याहून जास्त.

ती गुडघे टेकते.
रविवारी चर्चमध्ये टेकते तसेच,
फक्त इथे तोंडापुढे जाड काच, अंगात चिलखत
आणि आमेन म्हणायला शेजारी कुणी नाही.
यंत्र कुईं करतं. सळई तिरकी धरून ती
माती टोचते. बोटभर पुढे. पुन्हा टोचते.
सार्डिनचा डबा.
कुईं. खिळा.
कुईं. बिजागरी, कुठल्या दाराची कोण जाणे.
दुपारपर्यंत चटईएवढी जमीन मोकळी होते.

पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं,
भीती नाही वाटत?
तिने भाजक्या कणसाचे दाणे माझ्या तळहातावर ओतले.
"वाटते ना. रोज सोबत येते.
आत नेत नाही, वाट एक मीटरचीच आहे.
तुझ्याजवळ बसवून जाते, त्या स्ट्रेचरवर.
दिसली नाही तुला?"
मला वाटलं हसेल. हसली नाही.
"सुरुंग फुटू देऊ नकोस असं मी देवाला म्हणत नाही.
हाताला घाई सुटू देऊ नकोस म्हणते.
तेवढं त्याने आजवर दिलंय.
उद्याचं तो बघेल, मी आजची माती बघते."
तेव्हापासून स्ट्रेचरवर मी जेवणाचा डबासुद्धा ठेवत नाही.

कासिंबोच्या थंडीत एका सकाळी
एव्हारिस्तो चिवाले आले, चर्चमध्ये दानाची थैली फिरवणारे.
टोपी छातीशी. खिशातून वहीचा कागद निघाला,
घड्यांवर फाटलेला.
"पेरले ते मीच. एकोणीस वर्षांचा होतो.
आंब्यापासून विहिरीपर्यंत, दर दोन पावलांवर.
सत्तावीस. की अठ्ठावीस.
अंधार होता, मोजणी चुकली असेल."

तिची आई कुबडीवर का चालते ते मला माहीत होतं.
त्यांनाही माहीत होतं, टोपी थरथरत होती.
फेलिस्मिनाने काच वर केली.
बराच वेळ नुसती उभी राहिली,
एवढा वेळ की मी दुसरीकडे बघू लागलो.
मग कागद दोन्ही हातांनी घेतला,
प्रभुभोजनाची भाकर घेते तसा.
"ऊन होईल आता. इथे बसा."
आणि त्यांना स्ट्रेचरवर बसवलं.
तिथे? मी म्हणालो.
"तिथेच. सरकेल ती थोडी."

सत्ताविसावा सप्टेंबरात निघाला.
अठ्ठाविसावा निघेना.
ती आंब्यापासून पुन्हा सुरू झाली,
पूर्ण वाट, गुडघ्यांवर, विहिरीच्या कठड्यापर्यंत,
आणि तिथून उलटी परत.
मग कागदावर सही केली: मोकळी.

उद्घाटनाला पाळकांनी प्रार्थना केली, फीत कापली.
कुणी हललं नाही.
सगळं गाव कडेला, रिकामे डबे हातात,
नजरा जमिनीवर.
मला यंत्र माहीत, तिचे हात माहीत.
पायांना त्यातलं काही कळत नव्हतं.
स्ट्रेचर आंब्याखाली तसंच सोडून मी उठलो.
चार महिन्यांत पहिल्यांदा.
तिचीच प्रार्थना उसनी घेतली, थोडी बदलून:
पायांना थांबू देऊ नकोस.
एक पाऊल. की अठ्ठावीस? दुसरं.
कडेने तिची आई बघत होती,
आणि आईला खुर्ची धरून उभे एव्हारिस्तो.

अर्ध्या वाटेवर मागून खडखड आली.
पिवळा डबा गुडघ्यावर आपटत एक पोरगी
"सरका ना जरा" म्हणाली
आणि मला मागे टाकून पळाली.