विषय क्रमांक नऊ

हानुसचे कान बोटीने खाल्ले.
एकदम नाही. एक्केचाळीस वर्षं, घासघास,
इंजिनखोलीत, जिथे माणसं हातांनी बोलतात
आणि वर डेकवर आल्यावरही थोडा वेळ ओरडतच राहतात.
वंगण पुसायचा कापूस होता, तोच कानात कोंबायचा.
त्या काळची योजना एवढीच.

फॅरो बेटांवरच्या आमच्या गावात रस्ता एक, बोगदा एक
आणि नाचही एकच: हातात हात, लांब साखळी,
दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे.
वाद्य नाही. लाकडी जमीन आहे.
पोवाडा हानुस सांगायचा, दोनशे कडवी,
कागदाला हात न लावता.

मग एका हिवाळ्यात तो अर्धी ओळ मागे पडला.
साखळी पुढे गेली, त्याचा आवाज मागून येत राहिला
भिजलेल्या दोरासारखा.
कुणी हसलं नाही. तेच वाईट झालं.
पुढच्या वेळी तो आला नाही, गुडघा दुखतो म्हणाला.
त्याच्या पुढच्या वेळी काहीच म्हणाला नाही.

बिल्ला, त्याची बायको, रोज थोडं कमी बोलू लागली.
आधी गमती गेल्या,
कारण गंमत दुसऱ्यांदा ओरडून सांगता येत नाही.
मग शेजारच्या बातम्या, मग वारा किती आहे ते.
शेवटी उरलं: जेव. गोळी. दार लाव.
एवढ्यावर संसार किती दिवस चालतो
याची नोंद कुठल्या खात्यात होते?

राजधानीतून महिन्याला एकदा डॉक्टर येतात.
त्यांनी विचारलं, आज वार कुठला?
हानुस म्हणाला, सत्त्याहत्तर.
कागदावर उतरलं: विस्मरणाची सुरुवात.
वय बरोबर होतं.
प्रश्न पोचला नव्हता.

मी पालिकेची कारकून. इतिवृत्त लिहिते.
विषय एक: धक्क्याची दुरुस्ती. मंजूर.
विषय चार: बोगद्यातले दिवे. मंजूर.
विषय सात: वृद्धाश्रमाला आणखी सहा खोल्या,
एकटी पडलेली, विसरणारी माणसं वाढताहेत म्हणून.
मंजूर, एकमताने.
विषय आठ: कुत्र्यांवरचा कर.
विषय नऊ: साठीनंतर कानांची तपासणी, यंत्राला अनुदान,
आणि यंत्र घातल्यावर ऐकायला पुन्हा शिकवणारं कुणीतरी.
अध्यक्ष स्नेब्योर्न म्हणाले,
'ऐकू आलं नाही म्हणून कुणी मरत नाही.'

सात आणि नऊच्या मध्ये फक्त कुत्री होती,
पण ती ओलांडून कुणी पाहिलं नाही.
कानाडोळा म्हणतात तो हाच:
आधी कान जातो, मग डोळा.

मी ठराव वाचायला उभी राहिले.
माझा आवाज बारीक, आणि कोपऱ्यात हीटरचा पंखा घरघरत होता.
पहिल्या वाक्याला आर्नफिन्नुर पुढे झुकले.
दुसऱ्याला दोघांचे हात कानांमागे गेले.
तिसऱ्याला स्नेब्योर्न: 'काय? मोठ्याने!'
मी तेही लिहून घेतलं, वेळेसकट.
'विषय नऊ. अध्यक्ष: काय? सायंकाळी सात वाजून बारा मिनिटं.'
वाचून दाखवलं तेव्हा हशा झाला.
ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला.

दरम्यान हानुसच्या मुलीने मेंढ्या विकून
एका कानापुरतं यंत्र आणलं.
दुसऱ्या कानाच्या मेंढ्या अजून डोंगरावर चरताहेत.
पहिल्या दिवशी तो फ्रिजवर चिडला,
मग स्वतःच्या विजारीच्या सळसळीवर.
तीन दिवस यंत्र साखरेच्या डब्यात पडून होतं.
चौथ्या दिवशी बिल्ला पाठमोरी बटाटे सोलत
स्वतःशीच काहीतरी पुटपुटली
स्नेब्योर्नच्या नव्या टोपीबद्दल,
आणि मागून हानुस हसला.
ती वळली नाही. साल काढत राहिली.
मग तीच गंमत तिने पुन्हा सांगितली,
अगदी हळू.

बैठक मंगळवारी आहे.
विषयपत्रिका मीच टंकित करते,
नऊ आता दोनवर आहे.
हीटर लावायचं कामही माझंच.