लेबल

खानापूर रोडला, टायरवाल्याच्या अंगाला माझं शेड.
नवा गठ्ठा आला की आधी कात्री.
लेबल कापायचं, अगदी शिवणीलगत.
तेवढ्याशा टोकानं काळ्या बॉनेटवर रेघ उठते
आणि गिऱ्हाईक उन्हात मान तिरकी करून
नेमकी तीच शोधतं.

साडेतीनशे जीएसएमचा पुसायला, पाचशेचा शेवटच्या हाताला.
करडे चाकांचे, त्यांची बादली वेगळी.
खाली पडला, तो त्या क्षणापासून करडा.
सुती फडक्यांत धुवायचे नाहीत, गरम पाणी नाही,
वासाचं औषध तर नाहीच.
भैराप्पाला हे मराठीत दोनदा सांगितलं, कन्नडात एकदा.

परवा वडगावहून बाबा आले.
चाळीस वर्षं मागावर साड्या काढलेला माणूस.
टॉवेल उजेडाला धरला, उभा ओढला, आडवा ओढला.
"ताणा कुठाय ह्याचा? बाणा कुठाय?"
मी म्हटलं, हात फिरवून बघा.
फिरवला,
आणि कापड बोटांना धरूनच बसलं,
भेगाभेगांत, नखाशेजारच्या सालटांत.
सोडवायला दोघं लागलो.
"पकडतंय की रे," एवढंच बोलले.

मग खाली बसून कापलेली लेबलं वेचली,
चष्मा कपाळावर, एकेक डोळ्यांजवळ नेऊन.
"कसं धुवायचं ते लिवलंय.
कुणी काढलंय ते न्हाई."
थोडं थांबून: "आमच्यावर तर धुवायचंबी नसायचं."

तेवढ्यात गोव्याची गाडी आली,
लाल मातीनं दारांपर्यंत माखलेली.
बाबांनी धरलेला टॉवेल मी रंगाला लावला नाही.
तंबाखूचा कण असतो बोटांत, चुन्याची खर असते.
करड्यांतही टाकला नाही.
रात्री एकटाच धुतला, गार पाण्यात.