अर्थिंग

पहिल्यांदा बंद पडला तेव्हा नोंद केली नाही.
दुसऱ्यांदाही नाही.
तिसऱ्यांदा पतसंस्थेच्या अहवालाची अकरा पानं गेली
तेव्हा दुधाच्या वहीचं मागचं पान उघडलं:
सोमवार, चार वाजून दहा. निळा पडदा.
बुधवार, चार बारा. पडदाही नाही, नुसता काळोख.
शुक्रवार, चार आठ. मी काहीच करत नव्हते,
‘ताळेबंद’मधल्या ‘ब’वर अनुस्वार तेवढा देत होते.

अर्थ लागत नव्हता.

सादिक मुजावर गणपती पेठेतून आला,
हेल्मेट टेबलावर, पेचकस दातांत.
रॅम काढली, श्रेणिकच्या खोडरबरानं घासली,
झालं वहिनी, म्हणाला.
झालं नव्हतं.
मग पंखा उघडला. पात्यांमधून निघाली
चमचाभर हळद.
शेजारच्या गोदामात पोती पालथी होतात,
वारं सुटलं की आमच्या दोरीवरचे कपडेसुद्धा पिवळे,
पण एवढी आत?
‘हळद लागली की हो याला,’ सादिक हसला,
‘आता वरात काढू.’
आणि काढली. चादरीत गुंडाळून, स्कूटरवर, दुकानापर्यंत.

दुकानात चार दिवस अखंड चालला,
कुरकुर नाही, माहेरी आल्यासारखा.
घरी आणला. चार अकरा.

म्हणजे दोष यंत्रात नाही, घरात आहे.
आणि घरात दिवसभर असतं कोण?
मी कळफलक हळू बडवायला लागले.
दर ओळीला सेव्ह. दर शब्दाला.
चार वाजत आले की खुर्चीवरून उठून
उगाच भांडी लावत बसायची,
माझी नजर नसली तर टिकेल म्हणून.

उत्तर श्रेणिकला सापडलं, न शोधता.
शाळेतून आला, अनवाणी, हात डब्याच्या पत्र्यावर:
‘काकू, याला मुंग्या आल्यात.’
माझ्या पायात टाचदुखीच्या रबरी चपला.
सादिक तर आधी बटण बंद करणार, मगच हात लावणार.
शहाण्या माणसांना कळलं नसतंच ते.

लोंढे वायरमन एक बल्ब आणि दोन वायरी घेऊन आले.
बल्ब नीट पेटलाच नाही,
आतली तार तेवढी लाल झाली, लाजल्यासारखी.
‘चारला काय लागतं हितं?’
वरच्या आवटींची बोअरची मोटर.
लोंढे काही बोलले नाहीत. मागच्या दारी गेले,
धुण्याच्या दगडाशेजारचं पत्र्याचं झाकण उचललं.
खाली नळीचं तोंड, भोवती भेगाळलेली माती.
‘ह्यात पाणी कवा घातलंसा?’

मी भिंतीकडे बघितलं.
खिडकीच्या गजांवर वीतभर, अजून रंगाखालून दिसणारी
एकोणीस सालची रेघ.
तेव्हा हाच डबा माळ्यावर चढवून
आम्ही मिरजेला नणंदेकडे पळालो होतो.
परत आलो तर कपाटात चिखल, गादीत चिखल,
पीठाच्या डब्यात मासा.
त्यानंतर या घरात कुणी
जमिनीला पाणी घालायचं मनात तरी आणलं असतं का?

लोंढ्यांनी गंजलेली तार बदलली,
मीठ घातलं, कोळसा घातला,
चहा बशीत ओतून प्यायले आणि सांगितलं,
उन्हाळाभर रोज दोन बादल्या.

रोज संध्याकाळी ओतते.
माती आधी फुसफुसते, मग गप्प पिते.
आवटी वहिनींनी वरून विचारलं, ‘काय लावलंयसा तिथं?’
काय सांगणार.
‘कॉम्प्युटर,’ म्हटलं.
त्या बराच वेळ कठड्याला धरून बघत राहिल्या.

तेवीस दिवस वहीत फक्त दूध.
अहवाल गेला, छापून आला, सभासदांनी न वाचता मंजूर केला.

काल रात्री आठ पन्नासला,
वरची मोटर बंद, गोदाम बंद, वारा नाही,
मी टेबलापासून दोन हात लांब, शेंगा सोलत,
पुन्हा गेला.

चपला काढल्या.
पत्र्यावर तळहात ठेवला.
मुंग्या नव्हत्या. नुसती ऊब होती.

वही घेतली आणि पहिल्याच वेळेला लिहून ठेवलं.