हेल्गोलँड, तळघरातलं कपाट

विबके हार्मसेनकडे दोन चाव्या:
एक तळघराची,
एक त्या कपाटाची, जिथे दिवस मावळत नाही.

कपाटात चोवीस कुप्या.
कुपीत चमचाभर समुद्र,
समुद्रात एकेका पेशीचं शैवाल.
डोळा नाही, मेंदू नाही,
तरी रात्र आपली आपण ओळखतं.
काळ्या डब्यात धरून हलवलं, की निळं चमकतं,
झोपेतल्या माणसाला हाक मारल्यावर
तो नुसतं ‘हं’ म्हणतो तसं.

निळा दिवा अखंड जळत ठेवला
तर त्यांचा दिवस तेवीस तासांतच भरतो.
बेटावरच्या चर्चचं घड्याळ मागे राहतं.
बाराव्या दिवशी, भर दुपारी,
ओन्नो वर हेरिंग तळत असताना
खाली मध्यरात्र होते.

हलवायचं यंत्र ऑक्टोबरपासून बंद.
सुटा भाग कुक्सहाफेनच्या धक्क्यावर पडून आहे,
वारा दहाच्या वर, बोट नाही.
म्हणून दर तासाला मनगट विबकेचं:
तीनदा उजवीकडे, तीनदा डावीकडे,
मग आकडा, मग वहीत शाई.

तिसऱ्या ओळीच्या पाण्यात पूड आहे.
क्रिएटिन.
मटणात असते, माशात असते, तिच्या पोटऱ्यांत असते.
भाच्याच्या, त्यार्कच्या, ओट्यावर पाच किलोचा डबा आहे,
झाकणावर दात विचकलेला वाघ.
शैवालाला स्नायू नाहीत.
त्याला या पुडीचं काय पडलंय, कुणी सांगत नाही;
पण पडलंय खरं.
निळ्या उजेडात तिसरी ओळ धावत सुटते,
वीस तासांत दिवस उरकते.
तीच पूड, तेच पाणी, फक्त लाल दिवा लावा:
पूड मुकी.
म्हणजे ती घड्याळाला हात लावत नसेल, विबके म्हणते,
ती बहुधा खिडकीच्या काचेवर काहीतरी फासते.
ओन्नो म्हणतो, हे लिहू नकोस.
ती लिहीत नाही.

फोनवर तिने त्यार्कला विचारलं,
‘हल्ली उठतोस किती वाजता?’
तो खो खो हसला.
‘आत्या, मी काय शैवाल आहे?’

सतराव्या रात्री तिने हिशेब जुन्या तेवीसनेच केला.
पहाटे दोनला खाली आली.
पहिली ओळ: हं.
दुसरी: हं, जरा उशिरा.
तिसऱ्या ओळीतली कुपी हलवली, पुन्हा हलवली.
काळोख.
आणि कुपीच्या कडेने वर चढू लागलेला
तपकिरी, पातळ ढग.
त्यांचं फटफटलं होतं.
वर, बेटावर, रात्र अजून अर्धी शिल्लक.

वहीत रकाना आहे ‘चमक’, त्यात शून्य लिहायचं असतं.
तिने लिहिलं:
रात्र होऊन गेली. मी नव्हते.
मग शाईवर एक रेघ ओढली,
शून्य लिहिलं,
आणि त्या खोडलेल्या ओळीसाठी
सोमवारी बोलणी खाल्ली.

वारा पडला. बोट आली. सुटा भाग बसला.
आता यंत्र हलवतं, चोवीसही कुप्या सारख्याच,
रुसवा नाही, चूक नाही.
विबके सलग आठ तास झोपते,
म्हणजे झोपायला हवी.
ओन्नोने एकदा पाहिलं:
वरच्या खोलीत, दिवा बंद,
पांघरुणाबाहेर आलेला तिचा हात
तीनदा उजवीकडे,
तीनदा