खांब क्रमांक एकशे चौदा

कोएसच्या पुढे लाल वाळू सुरू होते,
तिथून मैलोन्‌मैल धड झाड नाही.
म्हणून ते खांबावर बसले.

अर्जात एक रकाना आहे: अडथळ्याचे स्वरूप.
मी लिहितो: गवत.
पुढचा रकाना: अंदाजे वजन.
मी लिहितो: एका गाढवाएवढं.
मग खोडतो. दोनशे किलो.

लोक त्यांना विणकर म्हणतात.
बावीस वर्षं शिडीवर काढलीत, मला विचारा.
हे विणत नाहीत. एक गाठ मारत नाहीत.
काडी आणतात, खोचतात,
आणि ती राहते.
वरून शाकारलेलं उतरतं छप्पर,
पाऊस आलाच कधी तर घसरून जावा म्हणून.
खाली शंभरेक दारं, सगळी जमिनीकडे तोंड केलेली,
आणि प्रत्येक दाराच्या बोळात काड्यांची टोकं
खालून येणाऱ्याला टोचतील अशी.
तरी पिवळा नाग चढतो.
तरी ते राहतात.

एका खोलीत मुठीएवढा ससाणा असतो.
भाडं देत नाही.
अडीनडीला शेजाऱ्याचं पिल्लू उचलतो.
त्यालाही कोणी ऊठ म्हणत नाही.

एकदा जुलैच्या पहाटे मी आत हात घातला होता.
बाहेर डब्यातल्या पाण्यावर बर्फाची साय,
आणि आत
राखेतून काढलेल्या पावाची ऊब.
हात बाहेर काढायला जरा वेळ लागला.
हे अर्जात लिहायला जागा नाही.

माझी आत्या मागरीता
लव्हाळ्याच्या चटया शिवायची, हाडाच्या सुईने.
त्याच आमच्या भिंती, तेच छप्पर.
उन्हात लव्हाळं आकसायचं, फटींतून वारा यायचा.
पावसात फुगायचं, फटी आपोआप मिटायच्या.
घर गुंडाळून गाढवगाडीवर टाकता यायचं,
आणि त्यातच आमचा घात झाला.
तुमचं घर हलतंच की, ट्रकवाला म्हणाला.
त्याच्या हातातही अर्ज होता.
माणूस वाईट नव्हता. मला पाणी दिलं त्याने.
मी सात वर्षांचा होतो,
आणि नव्या जागी पत्र्याखाली
आत्या रात्रभर उठून भिंतीला हात लावून बघायची.
पत्रा आकसत नाही, फुगत नाही.
नुसता तापतो.

अकरा ते एक वीज बंद.
आरोआबच्या दवाखान्यातला फ्रीज जनरेटरवर.
गेर्सन खाली उभा, मी वर, हातात लांब आकडा.
पहिला लगदा पडला तेव्हा धूळ उठली,
आणि त्या धुळीत पंखच पंख.
वरचं गवत पिवळं, त्याखालचं तपकिरी,
आणि अगदी आतलं राखाडी.
गेर्सनच्या जन्माआधी खोचलेलं.
त्याला तसं सांगितलं.
त्याने टोपी काढली, मग वाटलं असेल काय हे,
परत घातली.

एक वाजता तारेत वीज आली.
तीनला एक पक्षी आला, चोचीत काडी,
जिथे काहीच नाही तिथे बसायला.
खोचली. पडली.
दुसरी पडली.
आम्ही गाडीच्या सावलीत चहा पीत होतो.
बोललो नाही.
तिसरी पडली.
चौथी अडकली.

शेजारी जुना लाकडी खांब आहे, तार नसलेला.
हुकूम: उपटणे.
मी गाडीतली एक फळी त्याला आडवी ठोकली,
दोन फाटे फुटल्यासारखी.
अर्जात लिहिलं: जुना खांब काढला.
खाली सही, स्पष्ट अक्षरात,
एलिफास स्वार्टबोई.

तीन आठवडे झाले. तिथून जाताना गाडी आपोआप हळू होते.
एकशे चौदावर मूठभर गवत. परत काढावं लागणार.
फळीवर काही नाही.
नीट पाहिलं तर दोन काड्या.

वाऱ्याने आल्या असतील, मी म्हणालो.

गेर्सन बराच वेळ काच खाली करून बघत राहिला.
वाऱ्याला खोचता येत नाही, म्हणाला.