गळती

ठक्कर बझारला पुण्याच्या गाडीतून
थर्माकोलचा डबा उतरवून घेतला,
तेव्हा कंडक्टर म्हणाला, मिठाई का?
म्हटलं, झिंगे. जिवंत. बारा.
बाराही मिळून एका पेढ्याइतके भरले नसते.

खैरनारकाकूंनी पिशवी उजेडाला धरली :
अगं, एवढ्यात जवळ्याची चटणीसुद्धा व्हायची नाही.

यांना एकदम नव्या पाण्यात सोडायचं नसतं.
पाण्याला पाण्याची ओळख करून द्यावी लागते
थेंबाथेंबानं, दोन तास.
नाहीतर आखडतात, कुशीवर पडतात,
आणि चुकलं कुठे ते कळत नाही.

दादा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माझ्याकडे आलेले,
डोळ्यांवर हिरवा चष्मा.
थेंबाथेंबानं म्हणालीस ना, म्हणाले,
आणि पिशवीतून, सदऱ्याच्या घडीतून
गळती काढली.
वीतभर, तांब्याची, बुडाला मोहरीएवढं भोक.
तांबट लेनमध्ये चाळीस वर्षं अशा ठोकल्या त्यांनी.
त्र्यंबकच्या वाटेवर कुठल्या कुठल्या पिंडींवर
अजून टपकत असतील.
ही शेवटची,
दुकान विकलं त्या आठवड्यातली.

दादा, नको. तांबं चालत नाही यांना.
चालत नाही म्हणजे?
मरतात.

तांब्याबद्दल असं कुणी
त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं.
लोक रात्री भरून ठेवून सकाळी पितात.
गंगेचं पाणी तांब्यातच सील करून गावोगाव नेतात.
मी मात्र बोलत सुटले :
द्राक्षांवर मारलेलं मोरचूद
वाऱ्यानं पालकावर आलं तरी धोका,
म्हणून मखमलाबादची जुडी मी तीनदा धुते,
म्हणून गीझरचं पाणी नाही,
म्हणून अमुक औषध नाही.
बोलताना त्यांच्या नखांकडे बघायचं टाळलं.

गळती घडीत परत गेली.
मग बाथरूमचा नळ बराच वेळ चालू राहिला.

मी प्लॅस्टिकच्या नळीला गाठ मारत बसले होते.
एकतर धार, नाहीतर काहीच नाही.
दादा लांब उभे राहिले, ओले हात पाठीमागे.
सैल कर. अजून.
आता केसभर घट्ट.
डोळ्यांनी दिसत नव्हतं, कानानं सांगत होते.
टप्.
टप्.
हां, हा बरोबर. श्रावणी सोमवारी गर्दी असते,
तेव्हा भोक जरा मोठं पाडून मागायचे.

बाराचे नऊ झाले. नऊ टिकले.

एका सकाळी शेवाळापाशी
अख्खा झिंगा, मिशांसकट, काचेसारखा, स्तब्ध.
कुंदा, एक गेला गं.
गेला नाही, कात आहे ती.
तो आत लपलाय. मऊ झालाय ना, कुणीही खाईल.
मऊ कशाला होतो?
त्याशिवाय वाढता येत नाही.

चहा संपेपर्यंत गप्प होते.
मग कपाला म्हणाले,
तांबंही ठोकून ठोकून आडमुठं होतं.
पुढचा घाव घेत नाही, तडकतं.
भट्टीत लाल करून पाण्यात सोडायचं.
तेवढ्यापुरतं मऊ असतं,
तेवढ्यात हंड्याचं पोट काढून घ्यायचं.

तरी टाकीला हात लावला नाही त्यांनी.
खुर्ची काचेपासून फूटभर, हात मांडीवर,
पोटाखाली पिवळी अंडी घेऊन
एक मादी त्यांना सतत वारा घालत असायची,
ती दिसायची नाही त्यांना. मी सांगायचे.

परवा रात्री लाइट गेली.
पंपाची घरघर थांबल्यावर मला जाग यायला हवी होती.
आली ती पाण्याच्या आवाजानं.

काळोखात दादा टाकीशी उभे,
दुधाची धुतलेली पिशवी मनगटापर्यंत चढवून
पाणी हलवत होते,
इतकं हळू, की पाण्याला कळू नये.
कधीपासून, विचारलं नाही.

एक बसलाय हातावर, म्हणाले.
वजन नाही काही.
बॅटरी आणू?
नको. उडेल.